जमवलेच नाही, ते चोरीला जात नाही: महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेल्या 48 आणि राज्यसभेत गेलेल्या 19 सदस्यांना,



तुमच्यापैकी कोणी सत्ताधारी बाकांवर बसते, कोणी विरोधी. या पत्राला त्याने काही फरक पडत नाही. सायबर सुरक्षेचा आणि नागरिकांच्या माहितीचा कायदा दिल्लीत होतो, तिथेच दुरुस्त होतो, आणि आम्ही तिथे पाठवलेली माणसे तुम्ही आहात, म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे.

हा विषय निघाला की आपल्याकडे लगेच तराजू पुढे येतो. एका पारड्यात देशाची सुरक्षा, दुसऱ्यात माणसाचा खासगीपणा, आणि एक जड हवे असेल तर दुसऱ्यातले थोडे काढा, असे सांगितले जाते. मला हा तराजूच मान्य नाही. ज्या कार्यालयात आमची माहिती गरजेपुरतीच घेतली जाते, काम संपल्यावर पुसली जाते आणि कोणी कधी उघडून पाहिली याची नोंद राहते, तिथे चोराला फारसे काही सापडत नाही. आणि आमचा खासगीपणा शाबूत राहतो तोही तिथेच. ‘पुढे कधीतरी लागेल’ म्हणून साठवलेल्या माहितीवरच चोरांचा डोळा असतो. म्हणून सायबर सुरक्षेच्या चांगल्या कायद्याने पहिली सक्ती सरकारवर करायला हवी. आपल्या कायद्यात ती सक्ती सर्वांत सैल आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टास्वामी खटल्यात एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. त्याच सुमारास माहिती संरक्षणाचा कायदा सुचवण्यासाठी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मुंबईच्या दंगलींची चौकशी करणारे तेच श्रीकृष्ण. जुलै 2018 मध्ये समितीने अहवाल आणि मसुदा दिला. पुढे 2019 चे विधेयक, संयुक्त संसदीय समितीत दोन वर्षे, 2022 मध्ये ते मागे घेणे, आणि शेवटी ऑगस्ट 2023 मध्ये बराच आखूड केलेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. 7 ऑगस्टला लोकसभेने आणि 9 ऑगस्टला राज्यसभेने तो आवाजी मतदानाने मंजूर केला. तुमच्यातले काही जण तेव्हा सभागृहात होते. नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला, आणि मुख्य जबाबदाऱ्या अमलात यायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत.

या कायद्याचे कलम 17 एकदा स्वतः वाचावे, एवढी पहिली विनंती. सचिवाने काढलेला सारांश नको, मूळ मजकूर वाचा. पहिल्या पोटकलमात न्यायालये, गुन्ह्यांचा तपास अशा कामांना बऱ्याच बंधनांतून सूट दिली आहे. ती देतानाही एक महत्त्वाचे बंधन जाणीवपूर्वक कायम ठेवले आहे: हातातली माहिती सुरक्षित ठेवण्याचे, म्हणजे कलम 8 चे पाचवे पोटकलम. मसुदा लिहिणाऱ्याने इथे विचार केलेला दिसतो. दुसऱ्या पोटकलमाच्या पहिल्याच खंडात तो विचार गायब होतो. सार्वभौमत्व, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार अधिसूचना काढून ज्या शासकीय यंत्रणेचे नाव घेईल, तिला हा कायदाच लागू नाही. म्हणजे माहिती सुरक्षित ठेवण्याचे बंधनही नाही, आणि ती फुटली तर माहितीच्या मालकाला कळवण्याचेही नाही.

गुप्तचर यंत्रणेने संशयिताची संमती घेऊन पाळत ठेवावी, असे कोणी म्हणणार नाही. पण जमवलेली माहिती नीट कुलपात ठेवणे हे गुप्ततेच्या आड कसे येते? ज्या कार्यालयाकडे सर्वांत नाजूक माहिती आहे, त्यालाच कुलूप लावण्याचे कर्तव्य माफ, ही सुरक्षेच्या दृष्टीनेही उलटी गोष्ट झाली. त्या खंडाला एका ओळीची जोड द्या: कलम 8 च्या पाचव्या पोटकलमातून कोणतीही यंत्रणा सुटणार नाही. एवढ्यासाठी कोणत्याही पक्षाला आपली भूमिका बदलावी लागणार नाही.

सरकारी कार्यालयात निष्काळजीपणा झाला की काय होते, हे आपण पाहिले आहे. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्सची संगणकयंत्रणा खंडणीखोर सॉफ्टवेअरने बंद पाडली. देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एक कित्येक दिवस कागद-पेन्सिलीवर चालले. नोंदणी हाताने, रक्ताचे अहवाल हाताने, रांगा लांबच लांब. सरकारने नंतर संसदेत सांगितले की पाच सर्व्हरना झळ पोहोचली, सुमारे 1.3 टेराबाइट माहिती कुलूपबंद केली गेली, आणि नेटवर्कची विभागणी नीट नसल्यामुळे हल्लेखोर आत शिरू शकले. म्हणजे एका खोलीत शिरलेल्याला साऱ्या खोल्या उघड्या सापडल्या. कारण इतके साधे आणि रोजच्या देखभालीचे होते. एखाद्या नागरिकाने आपली ओळख लपवून इंटरनेट वापरल्यामुळे हे घडलेले नव्हते.

त्याच वर्षी 28 एप्रिलला मात्र सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने जो आदेश काढला, त्याचा रोख नागरिकाच्या ओळखीवर होता. हल्ल्याची खबर सहा तासांत द्या, हा त्यातला भाग योग्यच. पण इंटरनेटवर ओळख झाकणारी व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी प्रत्येक ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क आणि त्याला दिलेला आयपी पत्ता पाच वर्षे जपून ठेवावा, असेही त्यात होते. काही मोठ्या परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. ज्याला गुन्हा करायचा आहे तो बाहेरच्या सर्व्हरवरून करतोच. पत्रकार, वकील, घरातल्या माराला कंटाळून गुपचूप मदत शोधणारी बाई, यांच्यासाठी इथला दरवाजा अरुंद झाला. माहिती संरक्षण कायद्याचे 2025 चे नियम आणखी पुढे गेले. आमची माहिती हाताळणाऱ्या संस्थांनी ती माहिती आणि तिच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवाव्यात, कारण सरकारला लागू शकतात, आणि सरकारने ती मागितली हे काही बाबतींत आम्हाला कळवायचेही नाही. ज्या कायद्याचे नाव संरक्षण आहे त्याच्या नियमांत सक्तीने साठवण आली, हे मला फार खटकते.

हा माल फुटतो कुठून, ते पाहायला दिल्लीला जायची गरज नाही. तुमच्या मतदारसंघातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी सेतू केंद्रात किंवा शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्धा तास उभे राहा. उत्पन्नाच्या दाखल्याला आलेली बाई आधार, रेशनकार्ड आणि बँकेचे पासबुक चालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवते. तो ते संगणकावर उतरवून घेतो, छापतो, फॉर्म भरतो. ओटीपी आला की ती मोठ्याने वाचून दाखवते आणि तिच्या मागचे चौघे तो ऐकतात. काम झाले की ती जाते. तिचे आधार डाउनलोडच्या फोल्डरमध्ये राहते, आदल्या दिवशीच्या शंभर जणांच्या आधारशेजारी. खराब आलेली प्रत उलटून तिच्या कोऱ्या बाजूवर पुढच्याचा हिशेब मांडला जातो. चालक वाईट माणूस नसतो. दिवस संपताना ते फोल्डर रिकामे करायचे असते, हे त्याला कोणी शिकवलेले नाही, आणि न केल्यास विचारणारेही कोणी नाही. 27 मे 2022 रोजी आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने लोकांना सावध केले होते की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसतील अशी प्रत द्या. सल्ला अगदी बरोबर होता. दोन दिवसांत केंद्राने तो मागे घेतला, कारण त्याचा चुकीचा अर्थ निघेल.

या फोल्डरमधून, कुरिअरच्या यादीतून, कर्ज देणाऱ्या ॲपमधून निघालेली माहिती पुढे कोणाच्या हाती पडते, ते ‘डिजिटल अरेस्ट’च्या फोनवर कळते. पोलीस असल्याची बतावणी करणारा माणूस तुमचे नाव सांगतो, पत्ता सांगतो, आधारचे शेवटचे आकडे सांगतो, मुलगा कुठल्या शहरात नोकरीला आहे तेही सांगतो. निवृत्त माणसाचा विश्वास बसतो तो याच तपशिलांमुळे. ‘पोलिसांशिवाय एवढे कोणाला माहीत असणार?’ मग तीन तीन दिवस व्हिडिओ कॉलवर बसवून आयुष्याची पुंजी काढून घेतली जाते. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार 2024 या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातल्या नागरिकांचे सुमारे 22,845 कोटी रुपये गेले. आदल्या वर्षीच्या तिप्पट. म्हातारी माणसे भोळी असतात म्हणून हे झाले, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. त्यांची माहिती आधी कोणीतरी फुटू दिली.

आणि ती फुटू देणाऱ्याला फसलेल्या माणसाचे काही देणे लागते का? इथे नव्या कायद्याने एक गोष्ट चक्क काढून घेतली आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात 43-अ हे कलम होते. कंपनीने संवेदनशील माहिती राखण्यात हलगर्जी केली आणि कोणाचे नुकसान झाले, तर त्याला भरपाई मिळावी, अशी त्यात सोय होती. राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव असे दावे ऐकत, आणि महाराष्ट्रात ग्राहकाची रक्कम बँकेला परत करायला लावल्याची उदाहरणे आहेत. वाट लांबची होती, पण होती. 2023 च्या कायद्याने ते कलम वगळायचे ठरवले आहे. त्याच्या जागी कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड. आकडा डोळ्यांत भरतो खरा, पण दंडाचा रुपयान् रुपया भारताच्या संचित निधीत जमा होणार. ज्याचे खाते रिकामे झाले त्याला एक पैसाही नाही. उलट, खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली म्हणून त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कोर्टकचेरीला आधीच घाबरलेल्या माणसाला तक्रारीपासून परावृत्त करायला एवढे पुरे.

या दंडाचा निवाडा करणारे मंडळही पाहा. अध्यक्ष आणि सदस्य केंद्र सरकार नेमणार, मुदत दोन वर्षांची, पुनर्नियुक्ती सरकारच्याच हातात. देशात नागरिकांची सर्वांत जास्त माहिती बाळगणारे सरकारच आहे. उद्या एखाद्या मंत्रालयातून गळती झाली, तर त्या मंत्रालयाला दोषी धरण्याचे धाडस या मंडळाने कोणाच्या बळावर करायचे? निवड समितीत विरोधी पक्षनेता आणि न्यायव्यवस्थेचा प्रतिनिधी घ्या, मुदत पाच वर्षांची करा. अशा रचना आपण इतर संस्थांसाठी केलेल्या आहेत.

दोष ठरवायला आधी काय घडले ते कळावे लागते. मुंबईकर 12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ विसरले नसतील. दहाच्या सुमारास शहर आणि आसपासच्या भागातली वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, करोनाच्या ऐन दिवसांत रुग्णालये जनरेटरवर आली. पुढच्या मार्चमध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताचा संशय बोलून दाखवला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी सांगितले, मानवी चूक होती. एकाच घटनेची दोन सरकारांनी दोन कारणे दिली. नागरिकाने कोणते खरे धरावे? विमान पडले की चौकशी होते, अहवाल प्रसिद्ध होतो, आणि त्यातून जगभरचे वैमानिक शिकतात. सायबर हल्ल्याच्या बाबतीत आपण याच्या उलट दिशेने गेलो. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्ट-इनला माहिती अधिकाराच्या कक्षेतून बाहेर काढले गेले. यंत्रणेतले भोक बुजवण्याआधी ते जाहीर करू नये, हे कोणालाही पटेल. बुजवून वर्ष झाल्यावरही सांगायचे नाही, यात कोणाची सुरक्षा आहे? 2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून एका वेळी पैसे काढले गेले. पोलिसांनी चिकाटीने तपास केला आणि 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. त्या हल्ल्याचा सविस्तर तांत्रिक अहवाल राज्यातल्या प्रत्येक नागरी सहकारी बँकेच्या टेबलावर पोहोचायला हवा. जिल्ह्याच्या बँकेचा संगणकप्रमुख बहुधा एकटा असतो आणि तो वर्तमानपत्रातून शिकतो.

आणि ज्याला भोक दिसते त्याने काय करावे? एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलीला महापालिकेच्या संकेतस्थळावर आकडा बदलताच दुसऱ्याची मालमत्ता कराची पावती दिसली, तर तिने कळवावे की गप्प बसावे? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 हे कलम 43 मधल्या विनापरवाना प्रवेशाला, हेतू अप्रामाणिक असेल तर, गुन्हा मानते. हेतू चांगला होता हे तिला पोलीस ठाण्यात बसून सिद्ध करावे लागेल. जानेवारी 2018 मध्ये ‘ट्रिब्यून’ने पाचशे रुपयांत आधारची माहिती मिळते हे छापले, तेव्हा आधार प्राधिकरणाच्या तक्रारीवरून नोंदलेल्या गुन्ह्यात बातमीदाराचेही नाव होते. सद्भावनेने त्रुटी शोधून आधी संबंधितांना कळवणाऱ्याला कायद्याचे स्पष्ट संरक्षण द्या. सरकारला यासाठी एक रुपया खर्च नाही, आणि देशाला हजारो राखणदार फुकट मिळतील.

आता कूटबद्ध संदेशांचा मुद्दा. त्यावर मी जरा थांबणार आहे, कारण इथे तुमचा स्वतःचा फोनही गुंतलेला आहे. फेब्रुवारी 2021 च्या नियमांनुसार मोठ्या संदेशसेवांनी एखादा संदेश सर्वांत आधी कोणी पाठवला हे सांगता आले पाहिजे. व्हॉट्सॲपने याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. व्हॉट्सॲपच्या मूळ कंपनीविषयी मला काडीचे प्रेम नाही. तिने आमच्या माहितीवर किती पैसा केला आहे हे जगजाहीर आहे. तरी कूटबद्धता मोडल्याशिवाय हे सांगता येणार नाही, या एका मुद्द्यावर तिचे म्हणणे बरोबर आहे. फक्त पोलिसांना उघडता येईल आणि चोराला येणार नाही, असा दरवाजा बांधण्याची विद्या अजून कोणाला आलेली नाही.

ग्रीसमध्ये काय झाले ते आठवा. अथेन्स ऑलिंपिकच्या सुमारास, 2004 आणि 2005 मध्ये, तिथल्या व्होडाफोनच्या यंत्रणेत कोणीतरी शिरले. त्या यंत्रणेच्या स्विचमध्ये कायदेशीर टॅपिंगसाठी दिलेली सोय होतीच. शिरणाऱ्याने ऐकण्याची नवी सोय बांधली नाही. सरकारसाठी ठेवलेली सोयच गुपचूप चालू केली. शंभराहून अधिक फोन महिनोन् महिने ऐकले गेले. त्यात खुद्द पंतप्रधान कोस्तास करामानलिस यांचा फोन होता, मंत्र्यांचे होते. अमेरिकेत 2024 मध्ये चीनशी संबंधित हॅकर मोठ्या दूरसंचार कंपन्यांत शिरल्याचे उघड झाले, आणि न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या टॅपिंगशी संबंधित माहितीलाही त्यांनी हात घातला होता. त्यानंतर अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेनेच महत्त्वाच्या पदांवरच्या लोकांना सल्ला दिला की टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असलेलीच संदेशसेवा वापरा. जे कुलूप आपण देशाच्या सुरक्षेसाठी तोडायला निघालो आहोत, ते तिथे देशाच्या सुरक्षेसाठी वापरायला सांगितले जात आहे. ज्यांचे फोन ऐकण्यात परक्या देशाला रस असतो, अशा लोकांत खासदार फार वरच्या क्रमांकावर असतात.

टॅपिंग नकोच, असे माझे म्हणणे नाही. अपहरण झालेल्या मुलाचा ठावठिकाणा लावायचा असेल तर फोन ऐकायलाच हवा, तातडीने ऐकायला हवा. पण त्या आदेशावर नजर कोणाची? आजच्या व्यवस्थेत आदेश गृहसचिव देतात आणि तो योग्य होता का हे सचिवांचीच तीन जणांची समिती तपासते. न्यायाधीश कुठेच नाही, लोकप्रतिनिधीही नाही. श्रीकृष्ण समितीने आपल्या अहवालात नोंदवले आहे की दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या या समितीपुढे प्रत्येक बैठकीत 15 ते 18 हजार आदेश असतात. दिवसभर बसून एवढ्या आदेशांवरून डोळासुद्धा फिरवता येणार नाही. 22 ऑक्टोबर 2019 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार खटल्यात सीबीआयसाठी काढलेले टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि मिळवलेले संभाषण नष्ट करायला सांगितले, कारण सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न तिथे नव्हताच. त्या माणसावर खटला भरला गेला म्हणून त्याला टॅपिंगचा पत्ता लागला. ज्यांच्यावर कधीच खटला भरला जात नाही त्यांनी कोणाकडे जावे? 2021 मध्ये आपल्याच विधानसभेत आरोप झाला की काही लोकप्रतिनिधींचे फोन भलत्याच नावांखाली टॅप केले गेले. पुण्यात आणि मुंबईत गुन्हे नोंदले गेले, 2023 मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. दोष कोणाचा होता याचा निवाडा करायला मी बसलेली नाही. एखाद्या न्यायाधीशाने प्रत्येक आदेश पाहण्याची पद्धत असती, तर तो आरोप खरा की खोटा हे तेव्हाच आठवड्याभरात कळले असते, आणि अधिकारी निर्दोष असेल तर त्याचीही त्यातून लवकर सुटका झाली असती.

सायबर फसवणुकीचा तपास करणाऱ्या पोलिसांची अडचण मला ठाऊक आहे. त्यांना आज हवी ती माहिती बँकेकडून पंधरा दिवसांनी मिळते आणि तोवर पैसा सात खात्यांतून फिरून देशाबाहेर गेलेला असतो. त्यांना बळ द्यायलाच हवे. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन आल्याबरोबर पैसे गोठवण्याची व्यवस्था तालुक्यापर्यंत मजबूत करा, भाड्याने दिल्या जाणाऱ्या बँक खात्यांसाठी बँकांना जबाबदार धरा, खोट्या कागदांवर सिमकार्ड विकणाऱ्याला पकडा. तपासाधीन माणसाच्या नोंदी तातडीने जपून ठेवण्याचा आदेश देण्याचा अधिकार तपास अधिकाऱ्याला असावा, आणि त्या उघडण्यासाठी न्यायाधीशाची सही लागावी. यातल्या एकाही उपायासाठी 140 कोटी लोकांच्या नोंदी आगाऊ साठवाव्या लागत नाहीत.

घाईत केलेला कायदा कुठपर्यंत पोहोचतो, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. 26/11 च्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा 22 डिसेंबर 2008 रोजी लोकसभेने गदारोळात, चर्चेविना माहिती तंत्रज्ञान कायद्यात मोठी दुरुस्ती मंजूर केली. मुंबई अजून सुतकात होती आणि सुरक्षेच्या नावावर कोणी प्रश्न विचारायच्या मनःस्थितीत नव्हते. त्याच दुरुस्तीत कलम 66-अ आले. चार वर्षांनी, नोव्हेंबर 2012 मध्ये, पालघरच्या दोन तरुणींना त्या कलमाखाली अटक झाली. एकीने मुंबई बंद राहिल्याबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या, दुसरीने त्या आवडल्याचे नोंदवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द करायला मार्च 2015 उजाडला. सुरक्षेच्या नावावर घाईत मंजूर झालेल्या दुरुस्तीने पकडले कोणाला, तर पालघरच्या दोन मुलींना. त्या दिवशी सभागृहात कोणी अर्धा तास बोलले असते तर?

बोलल्याने फरक पडतो याचा ताजा पुरावाही आहे. नोव्हेंबर 2025 च्या शेवटी दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी हे सरकारी ॲप आधीपासून घालण्याचा आदेश काढला. ॲप उपयोगाचे आहे, हरवलेला फोन त्यावरून बंद करता येतो. ज्याला हवे तो घेईल. सक्तीला संसदेत आणि बाहेर विरोध झाला आणि 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. तुमच्यातल्या काहींनी त्यात आवाज उठवला, त्यांचे आभार.

एक गोष्ट राहिली, आणि ती या कायद्यातली सर्वांत दुःखाची आहे. खासगीपणाचे नाव पुढे करून माहिती अधिकाराचे कलम 8(1)(ञ) बदलले गेले आणि तो बदल नोव्हेंबर 2025 मध्ये लगेच लागू झाला. आमच्या माहितीच्या रक्षणाला अठरा महिने थांबायचे. अधिकाऱ्यांची माहिती झाकायला एक दिवसही नाही. जुन्या कलमात एक सुंदर वाक्य होते: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारली जाणार नाही, अशा आशयाचे. तुमच्याइतकाच आम्हालाही जाणण्याचा हक्क आहे, हे त्यात लिहिलेले होते. ते आता काढले आहे. राळेगणसिद्धीपासून दिल्लीपर्यंत ज्या राज्यातल्या माणसांनी माहिती अधिकारासाठी उपोषणे केली, त्या राज्याच्या खासदारांनी ते वाक्य परत आणण्यासाठी खासगी विधेयक मांडावे. मंजूर होवो न होवो, नोंद राहील.

पुढच्या अधिवेशनात तुमच्यापैकी एकाने तरी पुढचे प्रश्न तारांकित म्हणून द्यावेत, ही शेवटची विनंती. कलम 17 च्या दुसऱ्या पोटकलमाखाली आतापर्यंत किती आणि कोणत्या यंत्रणांना कायद्यातून वगळले आहे? गेल्या वर्षी केंद्राने टॅपिंगचे आणि संगणकावर पाळत ठेवण्याचे किती आदेश काढले, आणि पुनर्विलोकन समितीने त्यांतले किती रद्द केले? सरकारी कार्यालयांतून माहिती फुटल्याच्या किती घटना सर्ट-इनकडे नोंदल्या गेल्या, आणि त्यांपैकी कितींमध्ये ज्यांची माहिती होती त्या नागरिकांना कळवले गेले? नावे नकोत, फक्त आकडे हवेत. उत्तर आले की तुमच्या मतदारसंघातल्या वर्तमानपत्राला द्या. उत्तर देण्यास नकार आला, तर तो नकारही शब्दशः छापायला द्या.

आपली,
पुण्यातली एक मतदार